बियाणे पारखता, तसे पुस्तकही पारखून घ्या



श्रावणाची झड लागली की चार-चार दिवस शेतात पाय ठेवता येत नाही. वाफसा नसतो म्हणून कोळपे चालत नाही, चिखलात खत देता येत नाही आणि फवारणीचे तर नावच नको. औत पडवीत, बैल गोठ्यात आणि माणूस ओसरीवर. पूर्वी या दिवसांत गावोगाव पोथी लागत असे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि साऱ्या आळीने ऐकायचे. काही गावांत अजूनही लागते. पण बहुतेक घरांत आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो. मी मोबाइलला नावे ठेवणार नाही. बाजारभाव आणि पावसाचा अंदाज मीही त्यावरच पाहतो. मात्र अंदाज पाहायला पाच मिनिटे लागतात आणि झड चार दिवस असते.

माझ्या मोटारसायकलच्या पिशवीत मातीच्या नमुन्यांच्या थैल्यांबरोबर दोन-तीन पुस्तके नेहमी असतात. कृषी विस्तार अधिकारी म्हणून फिरताना ती मी घरोघर वाचायला देतो. या कामाचा सरकारी भत्ता मिळत नाही, पण चहा मात्र हमखास मिळतो. कोणते पुस्तक कुणाला द्यावे, हे मला सुरुवातीला कळत नव्हते. एकदा तर मोठी चूक झाली, ती आधी सांगतो.

2015 साली पावसाने दगा दिला होता. सोयाबीन शेंगा भरण्याआधीच वाळले. माझ्या भागातल्या एका घरातला मुलगा एम. ए. होऊन, नोकरी न लागल्यामुळे शेतीवर आला होता. वाचनाची आवड होती. मी त्याला सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी दिली. 2002 सालची ही कादंबरी. 2004 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विदर्भातला शिकलेला, बेकार आणि शेतीत अडकलेला एकनाथ, त्याचे कर्ज, त्याच्या संसाराची ओढाताण, हे सारे तिच्यात आहे. आपल्यासारख्याच माणसाची गोष्ट आहे, वाचून धीर येईल, असा माझा हिशेब.

आठवड्याने मुलाचे वडील पंचायत समितीत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, “साहेब, आमच्या घरात जे चाललंय, तेच ह्याच्यात लिवलंय. पोरगं रात्रभर वाचतंय अन् दिवसा कुणाशी बोलत न्हाई. हे आत्ता नको आमच्या घरात.”

मी काय बोलणार? पुस्तक उत्तमच आहे, पण मी हंगाम पाहिला नव्हता. जमीन, पाणी आणि पेरणीची तारीख विचारल्याशिवाय मी कुणाला बियाण्याची जात सांगत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र घराची अवस्था न विचारता पिशवीत हात घातला. त्या दिवसापासून मी आधी ओसरीवर बसतो, चार गोष्टी बोलतो आणि मग पिशवी उघडतो. त्या मुलाचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

असा प्रसंग पुन्हा आला तर मी पहिल्यांदा वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ देईन. 1981 साली निघालेले हे चरित्र अजून खपते आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेत मिसूरी राज्यात गुलाम आईच्या पोटी जन्मला. तान्हा असताना दरोडेखोरांनी त्याला आईसकट पळवले. मालकाने एक घोडा देऊन मुलाला सोडवून आणले. आई काही सापडली नाही. एका घोड्याच्या किमतीचा हा मुलगा पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयात शिकला आणि 1896 साली अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत शेतीचा शिक्षक म्हणून गेला.

तिथल्या जमिनी वर्षानुवर्षे कापूस घेऊन निःसत्त्व झाल्या होत्या. कार्व्हरने सांगितले, कापसाच्या रानात आलटून पालटून भुईमूग आणि चवळी घ्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो आणि जमिनीला मिळतो, हे आपण बैठकीत सांगतो तेच. कापसात तुरीच्या ओळी टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तक परके वाटणार नाही. शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नाहीत, तर संस्थाच त्यांच्याकडे न्यावी, म्हणून 1906 साली घोड्यांची एक गाडी तयार झाली. तिच्यात नांगर, बियाणे, लोणी काढायचे यंत्र असे सगळे भरून ती खेड्यापाड्यांत फिरायची. माझ्या नोकरीचा मूळपुरुष मला तिथे भेटला. त्याने काढलेल्या पुस्तिका साध्या भाषेत असत. 1916 च्या पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि भुईमुगाचे खाण्याचे 105 प्रकार दिले होते. आमच्या खात्याची पत्रके अशी लिहिली असती, तर त्यांत भजी बांधली गेली नसती, असे मला पुष्कळदा वाटते. एक खुलासा मात्र करतो. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरनेच शोधले असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका, ते त्याचे नव्हे. त्यावाचूनही माणूस पुरेसा मोठा होता.

आता घरातल्या मोठ्या माणसांकडे वळू. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी पुस्तक नसते, असे कोण म्हणतो? ‘बहिणाबाईंची गाणी’ ज्यांच्या नावावर आहेत त्या बहिणाबाई चौधरींनाच लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावजवळच्या असोद्याचे त्यांचे माहेर. शेतात आणि जात्यावर त्या गात गेल्या आणि घरच्यांनी ते टिपून ठेवले. 1951 च्या डिसेंबरात त्या वारल्या. पुढच्या वर्षी मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक काढले. पेरणी, खळे, सुगरणीचा खोपा, सगळे तुमच्या डोळ्यांपुढचेच. हे पुस्तक मनातल्या मनात वाचू नका. शाळेत जाणाऱ्या नातीला मोठ्याने वाचायला सांगा आणि आजीला जवळ बसवा. बोली खानदेशी आहे, नात अडखळेल. एका घरी असेच झाले. मुलगी एका शब्दाला थांबली आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजीने अर्थ सांगितला. शाळेतल्या बाईंनाही तो आला नव्हता म्हणे! तेव्हापासून त्या घरात आजीला विचारल्याशिवाय पान उलटत नाही.

भगिनींनी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेच पाहिजे. शिक्षण बेताचे, नवरा कवी आणि विलक्षण लहरी. त्याने 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार उलटापालटा झाला. एवढे सोसलेली बाई स्वतःवर हसत हसत लिहिते. चार भागांत 1934 पासून हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. दुपारी भांडी आवरल्यावर चार-पाच पाने वाचली तरी पुरे. एवढ्या जुन्या काळातल्या बाईची भाषा इतकी ताजी कशी, याचे नवल वाटेल.

कादंबरी हवी असेल तर आनंद यादवांची ‘गोतावळा’ घ्या. 1971 सालची आहे. मळ्यावरचा गडी नारबा ती सांगतो. त्याला बायको-पोरे नाहीत. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर घेतो आणि एकेक जनावर दावणीवरून जाते. मी स्वतः ट्रॅक्टरच्या अनुदानाचे अर्ज भरून दिले आहेत आणि गरज असेल त्याला पुढेही देईन. मजूर मिळत नाही तिथे दुसरे काय करणार? पण हे पुस्तक वाचल्यापासून अर्ज भरताना मी एवढे विचारतो, की बैलांचे काय ठरवले. बहुतेक जण खाली पाहतात. भाषा कोल्हापूरकडची आहे. पहिली दहा पाने नेटाने काढा, पुढे आपोआप सरकते.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ त्याहून छोटी. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर एक कोवळा शिक्षक जातो, शाळा जमवतो, तालीम बांधतो आणि मग दुष्काळ येतो. एवढीच गोष्ट, पण 1955 पासून लोक वाचत आहेत. ज्यांच्या शेताला धरणाचे पाणी येते त्यांनी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ एकदा वाचावी. आपल्या पाटाचे पाणी कुणाच्या बुडालेल्या घरावरून येते, हे माहीत असलेले बरे.

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मी बी. एस्सी. होईपर्यंत उघडलाही नव्हता, हे सांगायला संकोच वाटतो. पुस्तक 1883 सालचे. टीका जहाल आहे, काहींना झोंबेल. पण उपायांचा भाग शांतपणे वाचा. डोंगर-उतारावर ताली आणि बंधारे घालून पावसाचे पाणी रानात जिरवा, नदी-तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्या, चांगली पिके काढणाऱ्यांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्या, असे त्यांनी तेव्हाच सांगितले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आली 2017 साली. मधली वर्षे तुम्हीच मोजा.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ सलग वाचू नका. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख आहे. त्या त्या महिन्यात तेवढाच वाचा आणि मग बांधावर जाऊन झाडे बघा. आपण बांधावर तण तेवढे पाहतो. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे. दहावी-बारावीच्या मुलामुलींना जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, ‘यक्षांची देणगी’पासून सुरुवात करा. आणि हसायचे असेल तर शंकर पाटील किंवा द. मा. मिरासदार यांचा कुठलाही कथासंग्रह उचला. त्याला माझी शिफारस नको.

आता त्या मुलाची गोष्ट. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. रब्बीची पेरणी आटोपल्यावर एक दिवस तो स्वतः कार्यालयात आला आणि म्हणाला, “सर, ते पुस्तक निम्मं राहिलंय.” मी जरा बिचकलो. “दादांना विचारलंस का?” म्हटले. तो म्हणाला, “दादांनीच पाठवलंय. त्या एकनाथचं पुढं काय झालं, म्हणून विचारत होते.” वडिलांना वाचता येत नव्हते. म्हणजे पहिल्या वेळी पोराने त्यांना बरेच वाचून दाखवले असले पाहिजे. ते मला बोलले नव्हते. मी पुस्तक दिले. त्याबरोबर ‘कार्व्हर’ही दिले आणि दोन्ही परत आली. ‘कार्व्हर’च्या पानांत भुईमुगाचे एक टरफल होते.

पुस्तके मिळवण्याचे फार अवघड नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. तुमच्या गावात नसेल तर मोठ्या गावात किंवा तालुक्याला चौकशी करा आणि बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलून आणा. विकत घ्यायचे तर युरियाच्या एका गोणीच्या पैशांत साधारणपणे एखादे लहान पुस्तक येते. चार घरांनी मिळून चार घेतली आणि फिरवली तर वर्षाची बेगमी होते.

घरी आणलेली पुस्तके मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वाळवी आधी पाठीमागून लागते. फळीवर भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून मांडा, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात, पण सावलीला, एक दिवस वारा द्या. कीटकनाशकांच्या बाटल्या आणि खताच्या गोण्या असतात त्या खोलीत तर ती मुळीच ठेवू नका. ती पुस्तके लहान मुलांच्या हाती जायची आहेत.