आधी मूळ, मग रंग

विटलेला गालिचा समोर आला की मुरलेला कारागीर लगेच रंगाला हात घालत नाही. दोन बोटांनी लव फाकवून तो मुळाशी डोकावतो. टोकं फिकी आणि मूळ गडद असेल, तर रंग उन्हानं खाल्ला. सगळंच मळकट असेल, तर बहुधा दोष धुळीचा. नीट धुतलं की रंग उघडतो. एकाच जागी पिवळट डाग असेल, तर संशय ब्लीचवर.

ब्लीच सांडलेल्या जागी आधी हायपोच्या पाण्यानं त्याचा उरलासुरला अंश मारावा लागतो, नाहीतर नवा रंगही तो गिळतो. मग हिशेब मांडायचा: काय गेलं? बदामी छटेत पिवळा, लाल, निळा असे तिन्ही रंग असतात. त्यातला निळा उडाला की डाग केशरी दिसतो. त्यावर बदामी ओतून भागत नाही. निळ्याचा पातळ हात द्यावा लागतो, तोही आधी कोपऱ्यात पारखून. लोकर आणि नायलॉन आम्लयुक्त गरम पाण्यात असे रंग धरतात. पॉलिएस्टर ते धरत नाही.

हातानं गाठी मारलेल्या जुन्या गालिच्यावर वरून रंग फिरवला तर शेजारची नक्षी बिघडते. तिथे रफूगर झिजलेल्या गाठी काढून रंगवलेल्या लोकरीच्या नव्या गाठी भरतो. जुन्या गालिच्यात एकाच लाल रंगाचे दोन घाणे वेगळे उतरलेले असतात. ती पट्ट्यापट्ट्यांची छटा, म्हणजे ‘अब्रश’, रफूगरालाही साधावी लागते.

1856 साली विल्यम पर्किननं पहिला ॲनिलीन रंग केला. त्यामागोमाग आलेले कित्येक स्वस्त, भडक रंग उजेडात टिकले नाहीत. इराणच्या काजार राजवटीनं त्यांच्यावर बंदीही घातली. मात्र कृत्रिम म्हणजे कच्चा, असं नाही. मंजिष्ठेतलं अलिझरीन 1868 साली प्रयोगशाळेत बनलं आणि ते चांगलं पक्कं निघालं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा 1539-40 सालचा. 1893 मध्ये 2,000 पौंडांना घेतलेल्या या गालिच्याची तूट त्याच्या जुळ्या गालिच्याचे तुकडे लावून भरलेली आहे. रंग विटू नये म्हणून आज त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासानं फक्त 10 मिनिटं लागतात. गेलेला रंग आणता येतो, पण असलेला जपणं स्वस्त पडतं. घरी त्यासाठी खिडकीला पडदा आणि अधूनमधून गालिच्याची दिशा बदलणं, एवढं पुरतं.