चिंचवनात रोपे नकोत, कुदळ हवी

देवनहळ्ळी म्हटले की आज विमानतळ आठवतो. फार तर टिपू सुलतानाचे जन्मस्थान. मी मात्र तिथे जातो तो जवळच्या नल्लूर गावातील चिंचवनासाठी. सुमारे ५४ एकरांवर पसरलेल्या या वनात पोकळ, पीळदार बुंध्यांचे वृक्ष आहेत. काही खोडे आडवी झाली आहेत आणि त्यांतूनच नवे धुमारे फुटले आहेत. जैवविविधता कायद्याखाली २००७ साली हे देशातील पहिले ‘जैवविविधता वारसा स्थळ’ ठरले.

अशा ठिकाणी शहरातून आलेल्या उत्साही स्वयंसेवकाला पहिली इच्छा होते ती रोप लावण्याची. पण चिंचेच्या दाट सावलीत सहसा फारसे काही वाढत नाही, हे खेड्यातले पोरही सांगेल. इथे खरे काम आहे ते घाणेरी उपटण्याचे. हे अमेरिकी झुडूप १८०७च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्राला त्याचा धोका आहे. नुसते छाटले तर ते दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत अशी: जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे, झुडूप उलटे करून वाळवायचे आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवत रुजवायचे. पाखरे बी पसरवतच असतात. म्हणून पुढची काही वर्षे दर पावसाळ्यात कोवळी रोपे वेचावी लागतात.

नेमके हेच सरकारी हिशेबात बसत नाही. महाराष्ट्राने २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंत वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली. लावलेले रोप मोजता येते, त्याचे छायाचित्र निघते. उपटलेल्या झुडपाची नोंद कोणत्या रकान्यात करणार? कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या दिल्या आहेत. त्यांना तीन वर्षांच्या तणनिर्मूलनाचा निधी एकदम द्यावा आणि मजुरी गावातच राहावी, असे माझे मत आहे. रविवारच्या स्वयंसेवकांनी त्यांच्या हाताखाली राबावे.

नल्लूरसह तेरा गावांतील १,७७७ एकर जमिनीचे संपादन कर्नाटक सरकारने जुलै २०२५ मध्ये शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर मागे घेतले. शेती राहिली. चिंचांखालची घाणेरी काढायला माणसेही आता त्याच गावांत मिळतील.