जुन्या मोटारीचा एसी : गॅस भरण्यापूर्वी

गळीत हंगाम आटोपला की आपल्या सभासदांच्या नागपूरच्या चकरा सुरू होतात. कुणाला मेडिकलमध्ये दाखवायचे असते, कुणाला पोराची ॲडमिशन, कुणाला लग्नाचा बस्ता. आणि हे सारे नेमके नवतप्याच्या तोंडावर! पूर्वी डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून आम्ही एस.टी.ने जात असू. आता बऱ्याच दारांपुढे मोटार उभी दिसते. पण ती बहुधा दुसऱ्या हातची, दहा-पंधरा वर्षे चाललेली. बुटीबोरी येण्याआधीच तिचा एसी गरम फुंकायला लागतो आणि मागच्या सीटवर म्हातारी माणसे नि लेकरे घामाघूम होतात. म्हणून या वेळी खत-बेण्याचा विषय बाजूला ठेवून हे लिहीत आहोत. शेतकी विभागाने रागावू नये.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेही सावलीतले. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत याहून कितीतरी जास्त भट्टी होते. अशा दिवशी नव्या गाडीचा एसीसुद्धा दमतो, हे आधी मान्य करावे. गाडीत बसल्यावर पहिली काही मिनिटे काचा उघड्या ठेवून आतली गरम हवा घालवावी, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवणारे बटण दाबावे. बाहेरची हवा आत घेत राहिलात तर एसीने नागपूरच थंड करायचे काय? तरीही अर्ध्या तासात फरक पडला नाही तर मात्र बिघाड आहे असे समजावे.

बिघाड म्हटला की गॅरेजवाल्याचे पहिले वाक्य ठरलेले : “गॅस संपला, भरून देतो.” इथेच आपले पैसे जातात. आपल्या कारखान्यातला व्हॅक्यूम पॅन ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लवकर समजेल. पॅनमधला दाब कमी केला की पाक साठ-सत्तर अंशांतच उकळतो. एसीचे तंत्र याच जातीचे. आर-१३४ए नावाचा द्रव हवेच्या साध्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो, रेडिएटरपुढची जाळी म्हणजे कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव करतो, आणि फेरा चालू राहतो. तेव्हा गॅस काही डिझेलसारखा जळत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते चालायचेच. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडत राहणे.

आमच्या ओळखीच्या एका सभासदाने सलग तीन उन्हाळे गॅस भरून घेतला. चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बोनेट उघडून नुसते बोट फिरवले. एका जोडाशी तेलकट माती साचली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते, ही गळतीची खूण. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले. एक रबरी रिंग बदलली, काम झाले. रिंगची किंमत सांगितली तर वाचणाऱ्यांना राग येईल.

गळतीखेरीज दुसरी कारणेही पुष्कळ आहेत, आणि ती घरच्या घरी ओळखता येतात. गाडी वर्धा रोडला पळताना थंड, पण सिग्नलला उभी राहिली की गरम, असे होत असेल तर गॅसला दोष देऊ नका. कंडेन्सरपुढची हवा कमी पडते आहे. पंखा फिरतो का ते पाहा. ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवर पाचट, भुसा, धूळ त्या जाळीत ठासून बसते. इंजिन थंड असताना हलक्या धारेने जाळी धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिचे पत्रे वाकतात. एक परीक्षा सोपी आहे : एसी चालू ठेवून, पंख्यापासून हात दूर ठेवून जाळीवर थोडे पाणी शिंपडा. लगेच थंडावा वाढला तर दोष हवेच्या वाटेत आहे.

सुरुवातीला छान थंड आणि तासाभराने हवाच येईनाशी झाली, तर आतल्या कॉइलवर बर्फ जमतो आहे, थर्मोस्टॅट बघावा. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासावा, कारण हे स्वस्त आहे. गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही. आणि एक खास जुन्या गाड्यांचा रोग : हीटरचा कॉक. आपल्याकडे हीटर लावतो कोण? त्यामुळे तो कॉक अर्धवट उघडा राहून जाम होतो, इंजिनचे गरम पाणी आत फिरत राहते. मग एसी कितीही थंड करो, वरून शेक चालूच.

गॅरेजमध्ये गेल्यावर दोन्ही बाजूंचे गेज लावायला सांगा. मात्र गेजचा काटाही खोटे बोलू शकतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे सांगितले. काटा आणि हाताला लागणारा गारवा जुळत नसेल तर दुसरे गेज लावून बघावे.

सिस्टिम उघडली असेल तर ड्रायर बदलावा आणि व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवावा. पॅनचाच न्याय : दाब उतरला की आतले पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाते. पंप बंद केल्यावर काटा तिथेच टिकला पाहिजे. तो सरकला तर गळती किंवा ओल आहे. गॅस वजन करून घ्यावा. लहान गाडीला साधारण अर्धा किलो लागतो, नेमका आकडा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. जास्त भरला म्हणजे जास्त थंड, असे नाही. उलट दाब वाढून कॉम्प्रेसर बसतो.

फारच जुन्या गाडीत आर-१२ गॅस असू शकतो. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर बंद होत गेला. अशा गाडीत तेल, रिंगा आणि ड्रायर बदलूनच नवा गॅस भरता येतो. स्वस्त पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस किंवा तसलेच काही भरू म्हणाला तर गाडी तिथून काढावी; तो पेट घेतो, आणि आतली कॉइल तुमच्या गुडघ्यांपुढेच असते. गॅसचे तोंड स्वतःही उघडू नये. अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो.

राहिले गाडीखाली ठिबकणारे पाणी. त्याला बरेच जण भितात. ते कॉइलवर जमलेले दव असते. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून ते कमी दिसते. मृगाचा पाऊस झाला की वाढते. ते बाहेर न पडता पायाखालची चटई ओली करू लागले तर निचऱ्याची नळी चोंदली आहे, ती साफ करून घ्यावी.