‘गॅस झालाय’ म्हणजे नेमके काय?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : “डॉक्टर, गॅस झालाय.” बोलणाऱ्याचा हात कधी बेंबीवर असतो, कधी बरगड्यांखाली, तर कधी थेट छातीवर. ‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या फ्लेमिश रसायनज्ञाने ग्रीक ‘केऑस’वरून घडवला. केऑस म्हणजे आदिम गोंधळ. पोटाच्या बाबतीत आपण त्या मूळ अर्थाला जागलो आहोत. जुन्या मराठीत या तक्रारींना निरनिराळी नावे होती : ढेकर, करपट ढेकर, जळजळ, गुडगुड, गुबारा, तडस, अधोवायू. एकेका शब्दात अर्धे निदान होते. आता सगळ्यांच्या जागी एकटा ‘गॅस’ बसला आहे. त्याची पुन्हा फोड करणे हा केवळ भाषेचा प्रश्न नाही.

साध्या ढेकरातली हवा आतड्यात तयार झालेली नसते, ती बहुतांशी आपणच गिळलेली असते. लोकल गाठण्यासाठी घाईने कोंबलेला नाश्ता, जेवताना चाललेल्या गप्पा, सतत चघळलेले च्युइंगगम यांतून ती पोटात जाते. ‘गॅसवर उतारा’ म्हणून सोडा पिणारा माणूस तर कार्बन डायऑक्साइड विकत घेऊन पोटात भरतो. मग मोठा ढेकर येतो आणि औषध लागू पडल्याचे समाधान मिळते. करपट ढेकर आणि जळजळ ही गोष्ट वेगळी. तिथे जठरातले आम्ल अन्ननलिकेत येते. आम्ल कमी करणाऱ्या गोळीचा उपयोग तिथे होतो. अधोवायूसाठी तीच गोळी रोज अनशेपोटी घेण्यात काही हशील नाही.

अधोवायूचा कारखाना मोठ्या आतड्यात असतो. वाल, चवळी, हरभरा, वाटाणा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या न पचता पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. या वायूंना वास नसतो. वास येतो तो अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त वायूंमुळे. दिवसाकाठी दहा-वीस वेळा वायू सरणे हे निरोगी आतड्याचे लक्षण आहे.

गिरणगावाचे जेवण कडधान्यांवर उभे होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. स्वस्त, पोटभरीची आणि प्रथिने देणारी उसळ गॅसच्या भीतीने ताटातून काढणे हा तोट्याचा सौदा आहे. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहे. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकले की विरघळलेल्या शर्करा त्याबरोबर जातात. मोड आणले की उरलेल्यांतला मोठा वाटा अंकुरच खाऊन टाकतो. भिजवून, मोड आणून, सोलून केलेले वालाचे बिरडे ही चवीची चैन खरीच, पण पचनाची सोयही आहे. प्रमाण हळूहळू वाढवले तर आतड्यालाही सवय होते.

दोष नेहमी उसळीचाच असतो असेही नाही. मिसळीबरोबरचा पाव, वरचा कांदा आणि तर्रीतला लसूण यांत फ्रुक्टान असतात. तेही न पचता जिवाणूंच्या वाट्याला जातात. दुधातली लॅक्टोज पचवण्याची क्षमता अनेकांत मोठेपणी घटते. अशांना दूध बाधते, दही बरेचदा चालते. फराळात बेसन, भाजणी, मैदा, दूध आणि तळण एकत्र येतात. तळणीच्या स्निग्धांशाने जठर उशिरा रिकामे होते. म्हणून लाडू-चकली सोडण्यापेक्षा थोडी थोडी, दिवसभरात विभागून खावी.

गुबाऱ्याची गंमत निराळी. १९७५ मध्येच अमेरिकेत मायकेल लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांच्या आतड्यातला वायू मोजला. तो निरोगी माणसांपेक्षा जास्त नव्हता, सुमारे २०० मिलिलिटरच होता. अशा अनेकांचे आतडे नेहमीच्या वायूलाही तीव्र प्रतिसाद देते. काहींत श्वासपटल खाली दबते, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट खरोखर पुढे येते. मलावरोधानेही हे वाढते. इथे चूर्णापेक्षा नियमित शौच, चालणे आणि सावकाश श्वसन अधिक कामाचे.

पण नियमित शौच आणि सुटलेला वायू यांना खासगीपणा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास अशा चाळीत दोन्ही वेग दाबून धरणे हीच सभ्यता ठरली. ज्या वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’ची कुंटे यांनी संपादित केलेली आवृत्ती १८८० साली मुंबईतूनच निघाली, तो वाग्भट मात्र अधोवायूचा वेग रोखू नये असे बजावतो. त्याचेच हिंग्वष्टक चूर्ण आजही तुपाबरोबर पहिल्या घासाला घेतले जाते. त्याने कुणाला बरे वाटत असेल तर जरूर घ्यावे. मात्र ते निदानाची जागा घेऊ शकत नाही.

वजन घटणे, शौचातून रक्त, रक्तक्षय, सततचा ताप यांपैकी काही सोबत असेल तर तपासणी हवी. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच ‘गॅस’ म्हणून सुरू होतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला, न ओसरणारा गुबारा स्त्रियांनी अंगावर काढू नये, कारण ते बीजाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हृदयविकाराचा झटका कधीकधी बरगड्यांखालच्या दडपणाने, मळमळीने, ढेकरांनी येतो. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ येईलच असे नाही. घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, चालताना वाढणारे दडपण यांपैकी काहीही असेल तर ओवा चघळत बसू नये. तडक रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. परळला केईएम १९२६ पासून उभे आहे, रात्रीही उघडे असते. ईसीजी नीट आला तर फेरी फुकट गेली असे कुणी समजू नये. दुखणे छातीचे की पोटाचे, हे घरात बसून ‘गॅस’ या एका शब्दावर ठरवता येत नाही.