दोष कामाचा दाखवावा, माणसाचा नव्हे

जिच्यातील मूळ आज्ञा कोणासही वाचता, सुधारता व इतरांस देता येतात, ती मुक्तस्रोत संगणक-प्रणाली होय. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली ‘लिनक्स’ ही तशीच. जगभरातून येणारी दुरुस्ती तेथे पारखूनच स्वीकारतात. साहजिकच परखड टीका अपरिहार्य ठरते. परंतु टोरवाल्ड्स यांच्या टीकेत अनेकदा अपशब्द असत, आणि अशा वातावरणास कंटाळून काही जाणकारांनी हे काम सोडले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे रजा घेतली. त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. तिच्यामुळे स्पष्टोक्तीस बाध येईल, अशी भीती काहींनी व्यक्त केली. तथापि सदोष दुरुस्ती नाकारण्याचा अधिकार आजही अबाधित आहे. संहितेने आवर घातला तो केवळ अपमानास.