न मोजता मोजणे

आकाशातल्या चांदण्या अगणित आहेत, असे आपण सगळेच म्हणतो. पण श्रोतेहो, अमावास्येच्या निरभ्र रात्री गावाबाहेर उभे राहिले, तरी नुसत्या डोळ्यांना एका वेळी दिसतात त्या फार तर अडीच हजार. मूठभर ज्वारीत दाणे असतात, साधारण तेवढ्याच! आणि ज्वारीच्या पोत्याला मात्र कोणी अगणित म्हणत नाही.

बरे, पोत्यातले दाणे मोजायचे कसे? सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस मोजत बसलात, तर अडतीस दिवस लागतील. त्यापेक्षा शिक्षकबंधूंनी वर्गात असे करावे. दहा मुलांना शंभर शंभर दाणे मोजायला द्यावेत आणि ते हजार दाणे सोनाराच्या काट्यावर तोलावेत. वजन तीस ग्रॅमच्या आसपास भरेल. ज्वारीची जात बदलली की थोडे इकडेतिकडे होईल, होऊ द्या. तीस ग्रॅमला हजार, म्हणजे किलोला तेहतीस हजार आणि क्विंटलच्या पोत्याला तेहतीस लाख. तीन पोती झाली की एक कोटी! 2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्राची वस्ती 11 कोटी 24 लाख भरली. माणशी एक दाणा धरला, तर अख्खा महाराष्ट्र चौतीस पोत्यांत आला, ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत.

अशा ठोकताळ्याला कोणी हसू नये. एन्रिको फर्मी हे मोठे पदार्थशास्त्रज्ञ. 16 जुलै 1945 रोजी अमेरिकेत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तेव्हा त्यांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले. धक्क्याने ते किती दूर उडाले, एवढ्यावरून त्यांनी स्फोटाचा जोर दहा हजार टन टीएनटीइतका काढला. पुढे खरा आकडा त्याच्या दुपटीहून थोडा अधिक निघाला. पण लाख नाही, शंभर नाही, हे त्यांना जागच्या जागी कळले होते. ठोकताळ्याकडून मागायचे ते एवढेच.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. धरणात अमुक टीएमसी पाणी आहे, असे आपण रोज ऐकतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट खोल अशी विहीर डोळ्यांपुढे आणा. लिटरमध्ये हे होतात सुमारे 2,831 कोटी. तरी नीट कळत नाही ना? मग गावाचे माप लावू. वस्ती दोन हजार, माणशी रोज 55 लिटर, म्हणजे दिवसाला 1 लाख 10 हजार आणि वर्षाला चार कोटी लिटर. एका टीएमसीत अशी सातशे गावे वर्षभर भागतात. कोयनेचा जलाशय भरला, की त्यात असे सुमारे 105 टीएमसी असतात.

पण कोयना राहिली कोयनेच्या ठिकाणी. माण, सांगोला या बाजूला पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पावसात एका एकरावर पडले वीस लाख लिटर. वीस एकरांवर? चार कोटी! म्हणजे ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्या गावाचे वर्षाचे पिण्यावापरण्याचे पाणी अवघ्या वीस एकरांवर पडून गेलेले असते. त्यातले पुष्कळसे उडून जाते, काही मुरते, काही ओढ्याने जाते, हे खरे. निम्मेच हाती लागेल म्हणा, मग चाळीस एकर धरा. दहावा हिस्साच लागेल म्हणता? दोनशे धरा. गुरांचा हिशेब मी यात घेतलेला नाही, आणि पिकांचा तर फारच मोठा आहे. तो वेगळा मांडावा लागेल.

पुढच्या पावसात उभ्या कडांचा एक डबा उघड्या अंगणात ठेवा आणि सकाळी आतले पाणी फूटपट्टीने मोजा. जितके मिलिमीटर भरेल, तितके दहा हजार लिटरचे टँकर त्या रात्री तुमच्या दर हेक्टरावर रिकामे झाले. हेक्टर किती, ते सातबाऱ्यावर लिहिलेले आहेच.