घरच्या घरी उष्ण कटिबंध

मुलांचा वाढदिवस, हळदीची संध्याकाळ, सोसायटीतलं स्नेहभोजन, सगळीकडे हल्ली ‘ट्रॉपिकल थीम’ असते. तयारी म्हणजे एक पाकीट मागवायचं. त्यातून प्लास्टिकच्या झावळ्या, पुठ्ठ्याचा अननस, गुलाबी फ्लेमिंगो आणि थोड्याफार झिरमिळ्या निघतात. सबंध महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच राहतो. खरे फ्लेमिंगो दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरतात. तरी झावळी मात्र कुरियरने यावी लागते!

ही थीम मुळात अमेरिकेची. १९३३च्या डिसेंबरात तिथली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसाने हॉलिवुडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार काढला. प्रवासात गोळा केलेल्या वस्तू आणि किनाऱ्यावर मिळणारं भंगार वापरून त्याने तो सजवला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर गेलेले सैनिक परतले, १९५९मध्ये हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं आणि बांबू-माडांची ही हौस घरोघरच्या अंगणात पोचली. हवाईच्या मेजवानीतला एक जुना पदार्थ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. आता यात आपल्याला परकं ते काय? गँटची युक्ती तेवढी उचलायची : हाताशी आहे ते वापरा.

सुरुवात झावळीपासून. पावसाळ्याआधी माडांची छाटणी होते तेव्हा झावळ्या फुकट मिळतात. एरवी माड उतरवणाऱ्याला किंवा शहाळेवाल्याला आधी सांगून ठेवावं. ओली झावळी घ्या आणि कोयत्याने तिचा दांडा टोकापासून बुडख्यापर्यंत उभा चिरा. हे काम मोठ्या माणसाचं. एक भाग जमिनीवर ठेवा, दांडा तुमच्या समोर आडवा आणि पाती तुमच्याकडे. आता एक पाती सोडून दुसरी उचला, तिरकी वळवा आणि शेजारच्या पात्यांमधून एकीवरून, एकीखालून सरकवत न्या. पुढची उचललेली पाती तशीच, पण जिथे पहिली वरून गेली तिथे ही खालून. चार-पाच पात्या झाल्या की हात आपोआप चालू लागतो. पाती ओढून घट्ट करायची, पण मधला हीर मोडू द्यायचा नाही. तो मोडला की तिथे पाती लुळी पडते. शेवटी उरलेली टोकं वेणीसारखी गुंफून सुतळीने बांधा. कोकणात मांडवाला लागतात ते झाप थोड्याफार फरकाने असेच विणतात. असे दोन-तीन झाप टेबलामागे टांगले की फोटोसाठी वेगळा पडदा लागत नाही. उरलेल्या पात्या मुलांच्या हवाली करा. त्यांच्या घड्या एकमेकींत अडकवून मधोमध हीर खोचला की भिरभिरं तयार होतं.

देशावर आणि विदर्भात माड कमी, पण शिंदी आहे. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी पुजतो ती शिंदीच्याच पानांची. तिचे पंख्यासारखे झुबके भिंतीवर झकास दिसतात, फक्त काट्यांपासून जपायचं. जळगावकडच्या मंडळींना केळीची ददातच नाही. घड उतरवल्यावर ते झाड तोडायचंच असतं. शहरात असाल तर लग्नाच्या कार्यालयात चौकशी करा. दारात बांधलेले केळीचे खुंट लग्नानंतर कचऱ्यातच जातात. मात्र केळ कापताना जुने कपडे घाला, तिच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत.

करवंट्यांचे दिवे मला सर्वांत आवडतात. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यांतला एक मऊ असतो. कोंब तिथूनच बाहेर येतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेतली, तर त्या मऊ डोळ्यातून खिळ्यानेही भोक पडतं, ड्रिल लागत नाही. शेंड्या खरवडा, पॉलिश पेपरने घासा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. मग काळसर तपकिरी चकाकी येते, ती विकतच्या रंगाने येणार नाही. भोकातून काथ्याची दोरी ओवून करवंटी उपडी टांगा आणि आत दिव्यांची छोटी माळ सोडा. मेणबत्ती नको, आजूबाजूला काथ्या आणि वाळकी पानं आहेत.

टांगण्याची कला शिकायची तर गोव्याची माटोळी बघावी. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळाची पेंड, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगण, लालभडक कवंडळं अशी फळं बांधतात. पूजेतली माटोळी पार्टीत आणा असं मी म्हणणार नाही, पण वरून सजवायची रीत घ्यावी. काठ्यांची हलकी चौकट, तिला करवंट्यांचे दिवे आणि मधे एखादं केळफूल. खालचं टेबल जेवणाला मोकळं राहतं.

फुलांत जास्वंद सगळ्यांना आधी आठवते, पण तिचं फूल एका दिवसाचं. सकाळी तोडलेलं संध्याकाळी मान टाकतं. संध्याकाळच्या कार्यक्रमाला चाफा घ्या; पाण्याबाहेरही तो बराच टिकतो आणि वासही देतो. बोगनवेल त्याहून चिवट. तिचा रंग असतो तो पाकळ्यांचा नव्हेच, फुलाभोवतीच्या पानांचा. खरं फूल मधलं पांढरं, इवलंसं. ती पानं कागदासारखी असल्याने वाळली तरी आकार धरतात. कण्हेर मात्र विषारी, आणि डिफेनबेकियाचं पान मुलाने चावलं तर तोंडाची आग होते. दोन्ही ताटांपासून लांब ठेवा.

कागदकामात फार रमू नये असं माझं मत. जुन्या पिवळ्या लग्नपत्रिकांचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे एकमेकांवर चढवत चिकटवले की अननस होतो, तेवढा पुरे. थर्मोकोल आणूच नका. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२पासून बंदी आहे.

खरी कसरत वेळेची. करवंट्या आणि कागदाचं काम आठवडाभर आधी उरकावं. झाप आदल्या दिवशी विणून ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. खुंट सकाळी बांधावेत. केळीची पानं पाहुणे यायच्या तासभर आधी, कारण ती लगेच कोमेजतात. पानाच्या घड्या घालायच्या असतील तर ते मंद आचेवर फिरवा. मऊ पडतं आणि फाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पानं-फुलं ओल्या कचऱ्यात जातील. झावळ्या टाकू नका. त्यांचे हीर काढून गच्च बांधले की अंगणासाठी खराटा होतो. करवंट्या पुसून डब्यात भरा, पुढच्या वर्षी शेजारी मागायला येतील.